टेकडीवर ५०० रोपं येताहेत. लावायची की नाही?

टेकडीवेडा

मंडळी, सल्ला हवाय, आणि जरा घाईत हवाय.

वेताळ टेकडी ते पाषाण या रांगेत एका उतारावर आमचा छोटा गट रविवारी सकाळी श्रमदान करतो. नेमकी जागा मुद्दाम सांगत नाहीये, कारण खाली कळेल. गटाला नाव नाही, नोंदणी नाही, टीशर्ट नाहीत. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, वनस्पतिशास्त्राच्या दोन विद्यार्थिनी, एक रिक्षावाले दादा (कुऱ्हाड त्यांच्याच हातात शोभते) आणि उरलेले माझ्यासारखे खुर्चीत बसून पाठ धरलेले. वनरक्षकांनी आखून दिलेल्या पट्ट्यातच काम करतो, परस्पर काही नाही.

तर एका कंपनीने ५०० रोपं देऊ केली आहेत. सोबत २०० कर्मचारी, खड्डे खणायला मजूर, दोन वर्षं टँकरचा खर्च आणि सगळ्यांना नाश्ता. तारीख जुलैचा पहिला शनिवार. यादीत कदंब, अर्जुन, बकुळ, जांभूळ, वड, पिंपळ, कडुनिंब. जागा त्यांच्या साहेबांनी स्वतः चढून येऊन पसंत केली: माथ्यालगतचं मोकळं पठार. म्हणाले, "इथे काहीच नाहीये, इथेच लावू."

त्या 'काहीच नाहीये'चा जरा हिशोब देतो.

मे महिन्यात तिथल्या तापलेल्या मुरमावर, नेमक्या सगळ्यात उंच दगडावर, एक सरडा येऊन बसतो. वीतभर लांबीचा, मातीच्या रंगाचा, लक्षही जाणार नाही असा. मग मान वर करून गळ्याखालचा पंखा उघडतो आणि निळा रंग असा चमकतो की चालणारा माणूस थांबतोच. हा सगळा थाट मादीला लांबून दिसावा म्हणून. दोन हातांवर झुडूप आलं की याचा खेळ संपला. त्याच जमिनीवर गवताच्या थोंबाच्या आडोशाला डोंबारी चंडोल अंडी घालतो. घरटं म्हणजे जमिनीतला वाटीएवढा खळगा. खड्डे खणणाऱ्या मजुराला ते दिसणार कसं?

पहिला पाऊस पडला की आठवड्याभरात काळी मुसळीची पिवळी फुलं अगदी जमिनीला टेकून येतात. त्यांच्या मागोमाग खर्पुडीची कोंबं. खर्पुडी म्हणजे कंदीलपुष्प, ज्याच्यामुळे मी जागा सांगत नाहीये, कारण हौशी लोक कंद उकरून कुंडीत लावायला नेतात आणि ते तिथे मरतात. फूल जेमतेम पेराएवढं. खाली फुगीर, वर अरुंद नळी, नळीच्या आत खालच्या दिशेने वळलेले केस. वासाने फसलेलं चिलट आत उतरतं आणि केसांमुळे त्याला वर येता येत नाही. पुढे ते केस सुकतात आणि चिलट पराग घेऊन सुटतं, ते पुढच्या कंदिलात पुन्हा फसायला. हे सगळं चार बोटं मातीत चालतं, कारण खाली सरळ काळा कातळ आहे. त्या चार बोटांत कदंब लावायचा म्हणतायत!

पुण्यात पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास. अर्जुन हे नदीकाठचं झाड. टँकर आहे तोवर दोन वर्षं जगेल, तिसऱ्या उन्हाळ्यात काय?

गटात दोन तट पडलेत. काका म्हणतात, लक्ष्मी चालून आलीये, नाही म्हणू नका. पैसे आणि माणसं पुन्हा मिळणार नाहीत. विद्यार्थिनी म्हणतात, पठारावर एक जरी खड्डा पडला तर आम्ही रविवारपासून येणार नाही. मी मधल्या मध्ये. तुमच्याकडे असं झालं असेल तर कसं निभावलंत?

---

सकाळचा_फेरीवाला

मी पाषाणजवळच्या पंचवटीच्या बाजूने रोज सहा वाजता चढतो. फेरीवाला म्हणजे फेरी मारणारा, गैरसमज नको. 🙂

रागावू नका, पण तुमचा गट म्हणजे फेब्रुवारीत झाडं कापणारे तेच ना? फिकट गुलाबी फुलांनी डवरलेली झाडं तुम्ही आडवी केलीत. मी आणि आणखी दोघांनी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला होता. शहरात एकेका झाडासाठी लोक आंदोलन करतात आणि टेकडीवर 'निसर्गप्रेमी' म्हणवणारे कुऱ्हाड चालवतात. आता कुणी फुकट झाडं देतंय तर तीही नकोत! मग नक्की हवंय काय तुम्हाला?

---

हेंकळ

मी त्या दोन विद्यार्थिनींपैकी एक. 🙋 फेरीवाले काका, तो व्हिडिओ आमच्या कॉलेजपर्यंत पोचला होता.

ती गुलाबी फुलांची झाडं म्हणजे गिरिपुष्प, ज्याला लोक उंदीरमारी म्हणतात. मूळ मध्य अमेरिकेचं. फांदी खोचली तरी जगतं, गुरं तोंड लावत नाहीत, दुष्काळ सोसतं, म्हणून उघडे डोंगर झटपट हिरवे करायला ते टेकड्यांवर लावलं गेलं. हेतू चांगलाच होता. पण तुम्ही रोज चढता, तर एकदा गिरिपुष्पाच्या दाट रानात शिरून खाली बघा. पाचोळा आणि त्याचीच पिल्लं. कुसळी, मारवेल ही गवतं नाहीत, हेंकळ, बोर ही झुडपं नाहीत. एप्रिल-मेमध्ये शेंगा तडकतात, बिया लांब उडतात आणि हिरवा पट्टा दरवर्षी थोडा वर सरकतो. पठाराच्या कडेपर्यंत आता पोचलाय.

फुलांवर मधमाश्या आणि शिंजीर पक्षी येतात, ते खरंच. पण ते पळसावर, पांगाऱ्यावरही येतात, आणि त्याखाली गवतही वाढतं.

---

टेकडीवेडा

@सकाळचा_फेरीवाला, राग नाही. लांबून बघणाऱ्याला ते तोडणंच दिसणार. म्हणून कसं करतो ते नीट सांगतो.

एक तर सगळं एकदम नाही. वनविभागाने खुणा केलेलीच झाडं, तीही टप्प्याटप्प्याने. सगळं एका दमात उघडं केलं तर पहिल्या पावसात रानमोडी आणि घाणेरी ही बाहेरची झुडपं येऊन बसतात आणि आगीतून फुफाट्यात.

दुसरं, तोडणं हे सगळ्यात सोपं काम. गिरिपुष्प कापलं की मरत नाही, उलट चेव आल्यासारखं फुटतं. एका बुंध्याला हातभर लांबीचे दहा-बारा फुटवे, आणि पाऊस सुरू असला तर पंधरा दिवसांत. म्हणून जमिनीलगत कापायचं, बुंध्याची साल खाली मातीपर्यंत सोलायची आणि मग महिन्या-महिन्याला येऊन कोवळे फुटवे हाताने मोडायचे. हाताने मोडला तर तळातून निघतो, कोयत्याने छाटला तर एकाचे चार होतात. दोन पावसाळे असं केलं तर मुळातला साठा संपतो. आमच्या रविवारातला निम्मा वेळ या फुटव्यांतच जातो, पण त्याचा व्हिडिओ कोणी काढत नाही. (चिमटा आहे, हलकेच घ्या.)

तिसरं, कापलेल्या फांद्या ओल्या मातीवर पडू द्यायच्या नाहीत, मुळं धरतात. म्हणून काम जानेवारी-फेब्रुवारीत, शेंगा धरायच्या आत. कातळावर पसरून कडक वाळवायच्या आणि मग उताराला आडव्या रचायच्या. माती अडते, आणि त्या आडोशाला बोर, करवंद, बारतोंडी आपसूक येतात.

---

सुपेकर

आमच्याकडं बांधावर गिरिपुष्प असतंय. पाला कापून रानात घालतो, खत चांगलं होतं. झाड वाईट न्हाई, जागा चुकली.

मी बारामतीकडच्या सुप्याचा. मयूरेश्वर अभयारण्य आमच्या शिवारालगत. पाच चौरस किलोमीटरच्या जरा वर, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. पावण्यांना दाखवायला नेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "जंगल कुठंय?" माळ म्हंजीच जंगल, हे शहरी माणसाला पटत न्हाई. सरकारी कागदात पण माळाला पडीकच म्हणत आलेत. पडीक म्हटलं की झाडं लावा न्हाईतर कारखाना काढा. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकाच्या माळावरही पूर्वी गिरिपुष्प लावलंवतं. झाड लावून माळढोक वाचतो व्हय? त्याला लांबवर नजर पोचायला मोकळं रान लागतं.

तुमच्या पठारावर मेंढरं येतात का? न्हाई येत म्हणून तर गवत माजून वणवा लागतो. कातिकानंतर, बी पडून गेलं की चार दिवस मेंढरं फिरवा.

---

सकाळचा_फेरीवाला

फुटव्यांचं माहीत नव्हतं. तरीही मला आकडे नाहीत, डोळ्यांना दिसतं ते कळतं. सावली गेली. मेमध्ये त्या वाटेवरून साडेआठनंतर उतरवत नाही. आमच्यात सत्तरी ओलांडलेले लोक आहेत.

---

कोथरूडची_आजी

मी त्या सत्तरीतलीच. आम्ही काही जणी उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्या घेऊन चढतो आणि रोपांना घालतो. पाच लिटरचा कॅन आता झेपत नाही, दोन बाटल्या नेते.

मुलांनो, मी लहानपणी याच टेकडीवर बोरं आणि करवंदं वेचायला आले आहे. तेव्हा टेकडी बोडकीच होती. दिवाळीनंतर गवत सोनेरी व्हायचं, बायका भारे बांधून न्यायच्या, आणि परकराला चिकटलेली कुसळं काढत आम्ही घरी बसायचो. टेकडी आजारी आहे असं तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पण आमच्या ह्यांच्या नावाने मी वाटेच्या कडेला बकुळ लावली आहे, सहा वर्षं झाली. ती पण बाहेरची म्हणून उपटणार का रे?

---

हेंकळ

नाही हो आजी! बकुळ सह्याद्रीतलीच आहे. माथ्यावर आपणहून आली नसती इतकंच. वाटेच्या कडेला असू दे, तिच्या सावलीत फेरीवाले काका बसतील. 😄

आणि सावलीचा मुद्दा बरोबरच आहे. चालायच्या वाटेवर सावली हवी, त्यासाठी पठार भरायला नको. आम्ही वाटेलगत मोई आणि सालईच्या जाड फांद्या लावून बघतोय. मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडावर खोचायची. पाण्याशिवाय धरतात, आणि इथल्याच आहेत.

@सुपेकर दादा, मेंढ्यांचं मी आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, थोडी चराई गवताळ रानाला मारत नाही, बेसुमार मारते. कास पठारालाही कुंपण घालून चराई थांबवल्यावर, गवत वाढून फुलं कमी झाली अशी ओरड झालीच होती. पण पुण्यात मेंढपाळाला टेकडीवर चढू कोण देणार?

---

भूजलप्रेमी

रोपं नको तर नको, पण निदान समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले चर, तरी खणून घ्या. कंपनीचे मजूर आहेतच. पाणी मुरेल, खालच्या सोसायट्यांच्या बोअरला फायदा.

---

हेंकळ

कुठे खणणार त्यावर आहे. पायथ्याला माती खोल आहे तिथे ठीक. माथ्यावर चर म्हणजे शेकडो वर्षांत साठलेली चार बोटं माती उलटीपालटी करणं. उकरलेल्या मातीत पहिलं येतं ते गाजरगवत, त्यानंतर कॉसमॉस, तेही बाहेरून आलेलं तणच. शेजारच्या एका टेकडीवर यंत्राने चर मारले, तिथे सप्टेंबरमध्ये जाऊन बघा, पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसचे पट्टेच्या पट्टे चरांच्या रेषेत उभे असतात. लोक त्यात उभे राहून 'पुण्याचं कास' म्हणून फोटो टाकतात.

---

खवचट_पुणेकर

१ जुलै २०१६ ला राज्यात २ कोटी झाडं लावायचं ठरलं. २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. आकडा वाढत गेला, डोंगर तेवढेच राहिले. माझा एक मित्र शपथेवर सांगतो की त्याने तीन वर्षं त्याच खड्ड्यात झाड लावलं.

गाजरगवत देशात पहिल्यांदा कुठे नोंदवलं गेलं माहितीये ना? पुण्यातच, १९५० च्या दशकात. आमची कुठेही शाखा नाही म्हणतो आपण, आणि या बाबतीत देशभर शाखा काढल्या.

---

दूरदेशी

मी शिकागोजवळ राहते, इथे रविवारी प्रेअरीवर कामाला जाते. प्रेअरी म्हणजे आपला माळच, फक्त गवत डोक्याच्या वर. शिकागो नदीच्या उत्तर शाखेच्या काठाने १९७७ पासून स्वयंसेवक हे काम करताहेत. बकथॉर्न नावाचं युरोपातून आलेलं झुडूप कापायचं, आणि गवताचं, रानफुलांचं बी हाताने गोळा करून परत पेरायचं.

गंमत म्हणजे इथेही नेमकं हेच भांडण झालं. 'आमची झाडं का कापता' म्हणून आजूबाजूचे लोक इतके चिडले की १९९६ मध्ये कूक काउंटीने अशा कामांवर चक्क बंदी आणली होती. त्यातून इथले जुने लोक एक शिकले. कापायच्या आधी पाटी लावायची, आणि कापताना एक माणूस फक्त बोलायला ठेवायचा. त्याच्या हातात हत्यार द्यायचं नाही. तुमचे बँकवाले काका या कामाला उत्तम वाटतात.

इथे कापल्यावर बुंध्याला तणनाशक लावतात. तुम्ही लावता का?

---

टेकडीवेडा

नाही. परवानगी नाही, आणि खाली खाणीत पाणी साठतं, त्यावर पक्षी येतात. फुटवे मोडत बसणं परवडलं.

बोलायला माणूस ठेवायचं एकदम पटलं. काकांना विचारतो.

---

कायदेपंडित

एक सूचना. शहर हद्दीत झाड तोडायला महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे, परवानगी वृक्ष प्राधिकरणाची. वनजमीन असेल तर वनविभागाची. पुण्यातल्या टेकड्यांवर काही तुकडे वनविभागाचे, काही पालिकेचे, काही खाजगी. दहा पावलांत मालक बदलतो. 'झाड परदेशी आहे' हा बचाव चालत नाही. लेखी परवानगीची प्रत खिशात ठेवा. रोपं लावायलाही मालकाची परवानगी लागते, हे कंपनीला कोणी सांगितलंय का?

---

पाच_ते_नऊ

मी दुसऱ्या एका कंपनीत हेच काम करतो, सीएसआर, म्हणजे कंपनीने करायची सामाजिक कामं. तुमच्या त्या साहेबांची बाजू सांगतो.

२०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात. वर्षाखेरीला अहवाल भरायचा असतो आणि अहवालाला आकडा लागतो. रोप मोजता येतं, म्हणून सगळे रोपाच्या मागे. खर्पुडी 'राहू दिली' हे कुठल्या रकान्यात लिहू? साहेब दुष्ट नाहीत, त्यांच्याकडे रकाना नाही.

तुम्ही त्यांना दुसरा आकडा द्या. माणसं आणि तास. २०० माणसं गुणिले तीन तास. जुलैअखेर कॉसमॉस आणि गाजरगवत वीतभर झालेलं असतं, जमीन ओली, हाताने मुळासकट येतं, फुलावर यायचंय. २०० माणसं एका सकाळी किती गोण्या भरतील बघा. गोण्यांच्या ढिगासमोर फोटो झकास येतो, मी काढून घेतलाय. आणि त्यात कोणी काही लावत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी मेलेली रोपं कोणी मोजायला येत नाही. ही गोष्ट साहेबांना हळूच सांगा, लगेच पटेल.

---

कोथरूडची_आजी

गाजरगवत उपटताना हातमोजे घालायला सांगा हो. अंगाला खाज सुटते, दमेकऱ्याला तर धापच लागते. आमच्यातल्या एकीला फार त्रास झाला होता.

---

टेकडीवेडा

काय झालं ते सांगतो, म्हणजे धागा अर्धवट नको.

काल वनरक्षक, कंपनीचे साहेब आणि आम्ही असे पठारावर गेलो. मी भाषण तयार केलं होतं, वापरावं लागलं नाही. पाऊस होऊन गेला होता आणि काळी मुसळी फुलली होती. साहेब वाट सोडून फोनवर बोलत चालत होते. हेंकळ एवढंच म्हणाली, "सर, पाय जरा जपून, फुलांवर पडतोय." त्यांनी खाली पाहिलं, मग आजूबाजूला, आणि फोन ठेवला. तरी फार पाघळले वगैरे नाहीत. दुसऱ्याच मिनिटाला विचारलं, "मग माझ्या ५०० चं काय?"

ठरलं ते असं. पठाराला हात लावायचा नाही. खाली गिरिपुष्प काढलेल्या पट्ट्यात माती हातभर खोल आहे, तिथे वनविभाग आखून देईल तेवढीच झाडं: हिवर, मेडशिंगी, पळस, आपटा, धामण, पाचुंदा. पण ही रोपं मिळत कुठे नाहीत, ही खरी अडचण. गुलमोहर हजारांनी मिळेल, मेडशिंगी विचारली की रोपवाटिकेचा माणूस तोंडाकडे बघतो. कशीबशी ८० मिळाली. बाकीच्या पैशांतून पुढच्या वर्षासाठी बी गोळा करून रोपं करायची, ती जबाबदारी विद्यार्थिनींनी घेतलीये. वड-पिंपळ वगैरे कंपनीच्या स्वतःच्या आवारात जाताहेत. २०० माणसं जुलैच्या शेवटच्या शनिवारी कॉसमॉस उपटायला येणार. नाश्ता कायम आहे.

काका मात्र ग्रुप सोडून गेलेत. ५०० चे ८० झाले हे त्यांना अजिबात पटलेलं नाही. ते म्हणतात, आदर्शाच्या नादात हातचं घालवलंत, टँकरचे पैसे जाळरेषांना (वणवा पसरू नये म्हणून गवत आधीच काढून ठेवलेले पट्टे) तरी वळवून घ्यायचे होते. त्यात तथ्य आहे. ते मी विचारलंच नाही. सोमवारी विचारतो.

---

सकाळचा_फेरीवाला

मला अजून सगळं पटलेलं नाही. पण त्या शनिवारी मी येतो, बोलायचं काम माझ्याकडे द्या. टेकडीवरचे सगळे मला ओळखतात, आणि व्हिडिओ मीच टाकला होता, त्यामुळे खुलासाही मीच केलेला बरा.

वणव्याचं निघालंच आहे म्हणून: धूर दिसला तर वनविभागाचा १९२६ नंबर आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हता.

---

सुपेकर

हिवराच्या शेंगा आमच्याकडं पाहिजे तेवढ्या. उन्हाळ्यात पोतं भरून देतो. शेरडांनी खाऊन टाकलेलं बी लवकर रुजतंय, लेंड्यांसकट आणू का?

---

हेंकळ

लेंड्यांसकटच आणा दादा! 🙏

---

नवा_भिडू

पहिल्यांदाच येणार आहे. काय आणू? घरी कोयता आहे.

---

टेकडीवेडा

कोयता घरीच ठेवा. हातमोजे, रिकामी गोणी, पाणी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि घोट्याच्या वर येणारे बूट. दगडाखाली बघितल्याशिवाय हात घालू नका, फुरसं (विषारी साप) असतं. पावणेसातला खाणीजवळ.